तीन मात्रा, दोन पाय: वॉल्ट्झ कुठून आला आणि घरच्या फरशीवर कसा शिकावा

मडगावच्या एका लग्नात मी वॉल्ट्झ पहिल्यांदा जवळून पाहिला, म्हणजे खुर्चीत बसून पाहिला. केक कापला, टोस्ट झाला, बँडने लय एकदम खाली आणली आणि नवरा-नवरी फ्लोअरवर आली. पुढच्या गाण्याला सत्तरी ओलांडलेली जोडपी उठली. ज्यांना जिना चढताना कठडा लागत होता ती माणसं पाण्यावरून सरकावी तशी सरकायला लागली. नवऱ्या मुलाच्या काकांनी माझ्यापुढे हात केला. मी उठले, आणि चौथ्या मात्रेला त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटावर माझी टाच पडली.

काका हसून म्हणाले, "तू चालते आहेस. चालणं दोनाचं असतं, हे तीनाचं आहे."

सगळी गोम त्या वाक्यात होती, पण ती कळायला मला सहा महिने लागले. माणसाला पाय दोन आणि वॉल्ट्झच्या एका आवर्तनात मात्रा तीन. त्यामुळे जोराची मात्रा एकदा डाव्या पायावर येते, पुढच्या वेळी उजव्या. चालण्यात किंवा कवायतीत असं कधी होत नाही, तिथे 'एक' नेहमी त्याच पायावर पडतो. वॉल्ट्झमध्ये तो आलटून पालटून पडतो, म्हणून अंग एकदा इकडे एकदा तिकडे झुलतं, आणि त्या झुलण्यातूनच गिरकी निघते. हे एवढं पायात उतरलं की बाकीचं सोपं आहे. शिकवताना मात्र बहुतेक ठिकाणी आधी पावलं पाठ करून घेतात आणि ही गोष्ट राहून जाते.

आधी थोडं मूळ

नाव जर्मन आहे. 'वाल्झेन' म्हणजे लोळणं, गोल फिरणं. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियाच्या डोंगराळ भागात लेंडलर नावाचा शेतकऱ्यांचा नाच होता. तोही तीन मात्रांचा आणि जोडीने गोल फिरण्याचा, पण जाड बुटांनी जमिनीवर पाय आपटत केलेला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा नाच शहरात आला. तिथे खाली गुळगुळीत लाकडी जमीन होती आणि पायात हलके बूट. मग पाय आपटायचं कारण उरलं नाही, ते सरकायला लागले आणि लय वाढली.

त्या वेळी दरबारात मिन्युएट चाले. त्यात जोडीदाराची बोटं धरायची, नजर द्यायची, नमस्कार करायचा आणि लांब राहायचं. वॉल्ट्झमध्ये थेट कंबरेला हात, तोंडासमोर तोंड आणि वर गरगर फिरणं. गहजब होणारच होता. १७९७ साली एका जर्मन लेखकाने तर वॉल्ट्झमुळे आपल्या पिढीचं शरीर आणि मन दोन्ही दुबळं होत आहे, असं सिद्ध करायला आख्खं पुस्तक लिहिलं. कवी बायरनने १८१३ मध्ये टोपणनावाने वॉल्ट्झची टर उडवणारी कविता छापली. (बायरनचा एक पाय जन्मापासून अधू होता. दुसऱ्यांना गरगर फिरताना कडेला उभं राहून बघणं किती जाचत असेल, असं मला नेहमी वाटतं.) जुलै १८१६ मध्ये लंडनच्या राजवाड्यातल्या बॉलमध्ये, म्हणजे नाचाच्या समारंभात, वॉल्ट्झ झाला तेव्हा 'द टाइम्स'ने हा असभ्य परदेशी नाच आहे, आईबापांनी मुलींना यापासून जपावं, अशा आशयाचा मजकूर छापला होता.

व्हिएन्नाला असल्या उपदेशाचं काही पडलेलं नव्हतं. तिथे १८०८ साली अपोलो नावाचं प्रचंड नृत्यगृह उघडलं होतं आणि तिकीट काढून कुणालाही नाचता येत होतं. नेपोलियननंतरच्या युरोपची वाटणी करायला १८१४-१५ मध्ये सगळे राजे-मुत्सद्दी तिथे जमले, तेव्हा परिषद पुढे सरकत नाही, नुसती नाचते आहे, असा टोमणा प्रसिद्ध झाला. घरी परतताना ही मंडळी वॉल्ट्झ बरोबर घेऊन गेली. मग योझेफ लानर आणि थोरले योहान स्ट्राउस यांनी या नाचाला खास त्याचं असं संगीत दिलं. थोरल्या स्ट्राउसना मुलाने संगीतात पडू नये असं वाटत होतं. मुलाने १८४४ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा करून बापालाच टक्कर दिली. त्याच धाकट्या योहानची 'ब्लू डॅन्यूब' १८६७ च्या फेब्रुवारीत व्हिएन्नात पहिल्यांदा झाली, तीही गायकवृंदाबरोबर. आपल्या कानात बसलेलं निव्वळ वाद्यांचं रूप त्यानंतरचं आहे. आजही व्हिएन्नाच्या ऑपेरा बॉलमध्ये पांढऱ्या गाऊनमधल्या मुली आणि त्यांचे जोडीदार सलामीचा नाच करतात, आणि मग "आलेस वाल्झर!", म्हणजे सगळे वॉल्ट्झला, अशी आरोळी होते आणि फ्लोअर सर्वांना खुला होतो.

इथे एक गैरसमज काढून टाकते. नवशिक्यांना वाटतं की संथ वॉल्ट्झ मूळचा आणि व्हिएनीज ही त्याची वेगवान आवृत्ती. उलट आहे. व्हिएनीज हा आजोबा. संथ वॉल्ट्झ अमेरिकेतल्या 'बॉस्टन' नावाच्या मोकळ्या, सैल नाचातून इंग्लंडमध्ये घडला आणि पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या दशकात, तिथल्या नृत्यशिक्षकांच्या इम्पीरियल सोसायटीने त्याची पावलं ठरवून दिली. म्हणून त्याला इंग्लिश वॉल्ट्झही म्हणतात. आजच्या स्पर्धांमध्ये स्टँडर्ड गटातल्या पाच नाचांत दोघांना वेगळी जागा आहे. बाकीचे तीन म्हणजे टँगो, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांत हे युरोपीय नाच पोर्तुगीज काळात रुळले. त्याच एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या बाजूला मांडो हा गाण्या-नाचाचा प्रकार बहरला. मांडोची चाल संथ, सुरावटीत युरोप आणि हुरहूर कोकणी. पण नाचताना स्त्री-पुरुष समोरासमोर रांगेत उभे राहतात, हातात पंखा किंवा रुमाल असतो, आणि कुणी कुणाला स्पर्श करत नाही. एकाच दिवाणखान्यात कधी मांडो तर कधी वॉल्ट्झ व्हायचा, हे मला फार गमतीचं वाटतं.

पहिला आठवडा: पाय हलवूच नका

तुम्ही तबला, पेटी, गाणं काहीही थोडंफार केलं असेल तर तुम्ही निम्मं अंतर आधीच कापलेलं आहे. दादरा आठवा: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन खंड, पहिलीवर सम म्हणजे जोराची मात्रा, चौथीवर खाली म्हणजे हलकी. वॉल्ट्झचं मूळ पाऊल म्हणजे बॉक्स स्टेप, आणि तीही बरोबर सहा पावलांची. एक बॉक्स म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन.

मोबाइलवर तबल्याचं ॲप असेल तर दादरा लावा आणि लय मिनिटाला ८४ मात्रांवर ठेवा. तीन मात्रांचा एक बार. संथ वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बारांचा असतो, म्हणजे ८४ ते ९० मात्रा. आता जागच्या जागी एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन घ्या: डावा, उजवा, डावा, मग उजवा, डावा, उजवा. समेला डावा, खालीला उजवा. तोंडाने बोल म्हणा. दोन-तीन दिवसांत 'धा' येण्याआधीच पाय तयार असतो, इतकं अंगात येतं.

दादरा आणि वॉल्ट्झमध्ये एक फरक आहे. दादऱ्यात खाली हलकी असते, वॉल्ट्झच्या बँडमध्ये प्रत्येक तीनातला पहिला ठोका सारखाच जड असतो. त्यामुळे ॲप आठवडाभरच वापरा, मग वॉल्ट्झची गाणी ऐका. बासचा खोल ठोका एकवर, दोन-तीनवर हलके ठोके: धूम-चक-चक. व्हिएन्नाचे वादक दुसरा ठोका किंचित आधी घेतात, ती त्यांची खोड आहे आणि त्यातच सगळी झिंग आहे. सुरुवातीला त्याच्या मागे लागू नका.

जागा आणि पायताण

हॉलमधला सोफा भिंतीला लावला की पुरेल. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज घालू नका. पाय जमिनीला चिकटतो, अंग वळतं आणि पीळ गुडघ्यात बसतो. नुसते मोजे घातले तर गुळगुळीत फरशीवर घसराल. चामड्याच्या तळाचे जुने ऑफिसचे बूट उत्तम. बायकांनी मागे पट्टा असलेली, टाच कमी आणि रुंद असलेली सँडल घ्यावी. सपाता घरंगळतात.

साडीत नाचायचं असेल तर निऱ्या दोन बोटं वर खोचा, पदर पिनअप करा. माझं खरं मत विचाराल तर वॉल्ट्झला सगळ्यात सोयीची नऊवारी. काष्ट्याने पाय मोकळे राहतात. मडगावला कुणी ती नेसून फ्लोअरवर आलेली मी अजून पाहिलेली नाही, हा भाग वेगळा.

बॉक्स, एका फरशीवर

घरात दोन बाय दोन फुटांची फरशी असेल तर खडूही लागत नाही. फरशीचे चार कोपरे म्हणजेच बॉक्स. तुमच्या जवळच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही पाय जुळवून उभे राहा. ही लीड करणाऱ्याची, म्हणजे जोडीला नेणाऱ्याची, पावलं:

१. डावा पाय सरळ पुढे, समोरच्या डाव्या कोपऱ्यावर.
२. उजवा पाय तिरका, समोरच्या उजव्या कोपऱ्यावर.
३. डावा उजव्याला जुळवा.
४. उजवा सरळ मागे, जवळच्या उजव्या कोपऱ्यावर.
५. डावा तिरका मागे, जिथून निघालात त्या कोपऱ्यावर.
६. उजवा डाव्याला जुळवा.

फॉलो करणाऱ्याचं, म्हणजे त्याच्याबरोबर जाणाऱ्या जोडीदाराचं, नेमकं उलट: उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जुळवा, डावा पुढे, उजवा बाजूला, डावा जुळवा. म्हणजे तिची सम उजव्या पायावर. आमच्या क्लासात बाया जास्त आणि पुरुष कमी, त्यामुळे मला दोन्ही बाजू शिकाव्या लागल्या. तेव्हा वैताग आला होता, आता वाटतं प्रत्येकाने दोन्ही शिकाव्यात. मागे जाणाऱ्याला काय दिसत नाही, हे लीडला त्याशिवाय कळत नाही.

दोन फुटांचं पाऊल मोठं वाटलं तर अर्ध्या फरशीवर करा. दोन आणि पाच या मात्रांना जाणारा पाय थेट तिरका उडू देऊ नका. आधी तो दुसऱ्या पायाच्या अगदी जवळून जाऊ द्या, मग बाजूला. लांबून ही रेष फार सुंदर दिसते आणि तोलही जात नाही.

आता ती चूक, जी मी काकांच्या बुटावर केली. तिसऱ्या मात्रेला पाय जुळवताना आपण तो नुसता टेकवतो, वजन आधीच्याच पायावर राहतं. मग चौथ्या मात्रेला जो पाय निघायला हवा तो अंगाखाली अडकलेला असतो आणि आपण टेकवलेलाच पाय पुन्हा उचलतो. जोडीदाराचा अंदाज चुकतो आणि टाच बुटावर. उपाय सोपा आहे. तीन म्हटल्यावर थांबा आणि दुसरा पाय फरशीवरून बोटभर उचलून बघा. उचलता आला तर वजन बदललं. नाही आला तर मघाशी फक्त पाय जुळला होता. सहावर तेच करा. पन्नास बॉक्स असे थांबत थांबत करा, संगीताशिवाय.

दोघांनी धरायचं कसं

समोरासमोर उभे राहा आणि दोघंही आपापल्या डावीकडे थोडं सरका. आता प्रत्येकाच्या उजव्या पायाचा चवडा समोरच्याच्या दोन पायांच्या मधल्या जागेकडे रोखलेला असेल. पाय पायावर न येण्याची अर्धी हमी इथेच मिळते. लीडचा उजवा तळवा, बोटं जुळवून, जोडीदाराच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर. कंबरेवर नाही. तिचा डावा हात त्याच्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली. उरलेले दोन हात एकमेकांत, जो बुटका असेल त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. कोपरं पडू द्यायची नाहीत. दोघांनीही जोडीदाराच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे बघायचं.

पायांकडे बघू नका. डोकं पुढे झुकलं की सगळं अंग पुढे येतं आणि समोरच्याला मागे रेलावं लागतं.

आणि ही फुगडी नाही. फुगडीत दोघी मागे रेलतात, एकीने हात सोडला की दुसरी पडते. वॉल्ट्झमध्ये प्रत्येकाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं. आमचे सर मध्येच "सोडा!" म्हणून ओरडायचे. हात सुटल्यावर जो हलला तो लटकत होता असं समजायचं. लीडसुद्धा हातांनी ढकलायचं नसतं, छाती निघाली की हात आपोआप बरोबर जातात.

चढ-उतार

पावलं बरोबर आणि तरीही नाच कोरडा, असं महिनाभर होतं. कारण अंग एकाच उंचीवर चाललेलं असतं. कोकणातल्या घरातला झोपाळा डोळ्यांपुढे आणा. सगळ्यात खाली तो सगळ्यात जोरात असतो, वर गेल्यावर क्षणभर अधांतरी थांबतो, मग परत येतो. एकला गुडघा मऊ, पाऊल लांब, आणि पुढे जाताना टाच आधी. दोनला चवड्यावर चढत जा. तीनला सगळ्यात उंच, पाय जुळलेले. तीन संपता संपता हळूच टाच टेकवा. आदळू नका. खालच्या मजल्यावर आवाज गेला तर चुकलं समजा.

हे दोन्ही पोटऱ्यांना जाणवतं. रोज पंधरा मिनिटं पुरे.

वळणं

आता बॉक्स डावीकडे फिरवायचा. प्रत्येक तीन मात्रांना पाव वळण. खिडकीकडे तोंड करून सुरुवात केली तर तीनला डाव्या भिंतीकडे, सहाला खिडकीकडे पाठ, नऊला उजव्या भिंतीकडे, बाराला परत खिडकी. दादऱ्याच्या दोन आवर्तनांत एक फेरा. एकला डावा पाय पुढे टाकतानाच चवडा डावीकडे वळवा, चारला उजवा मागे टाकताना चवडा आत. वळण पायाने सुरू होतं असं वाटतं, पण आधी खांदे निघालेले असतात. चार भिंतींची चार नावं ठेवा. आमच्याकडे खिडकी, देव्हारा, दार, टीव्ही अशी होती.

उजवीकडचं वळण, म्हणजे नॅचरल टर्न, उजव्या पायाने सुरू होतं. पण डाव्या वळणानंतरही पहिला पाय पुन्हा डावाच येतो. म्हणून मध्ये एक जोडपाऊल घालतात: डावा पुढे, उजवा बाजूला, डावा जुळवा. आता उजवा मोकळा झाला. तीन मात्रांमुळे पाय बदलतो, त्याचा असा फायदा घ्यायचा. हीच पुढे-बाजूला-जुळवा पावलं न वळता सलग पुढे घेत गेलात की बॉक्स सुटतो आणि तुम्ही हॉलभर जायला लागता.

हॉलमध्ये

जायची दिशा ठरलेली असते: घड्याळाच्या उलट. देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो, इथे हॉलचा मध्य डाव्या हाताला ठेवायचा. पहिल्यांदा पाय आपोआप प्रदक्षिणेच्या वाटेला लागतात, माझे लागले होते, आणि समोरून आलेल्या तीन जोडप्यांना ब्रेक मारावा लागला. वेगाने जाणारे बाहेरच्या कडेने जातात. तुम्ही अजून बॉक्समध्येच असाल तर मधोमध नाचा, तिथे कुणाला अडचण होत नाही. धक्का लागला तर चूक कुणाची हे न बघता दोघांनीही सॉरी म्हणायचं. जोडीदाराला फ्लोअरवर शिकवत बसू नये, ते घरी. आणि गाणं सुरू झाल्या झाल्या निघू नका. आठ-आठ बारांचे तुकडे असतात, एक जाऊ द्या, दुसऱ्याच्या पहिल्या ठोक्याला निघा.

व्हिएनीज: घाई नको

संथ वॉल्ट्झ दोन-तीन महिने झाल्याशिवाय याला हात लावू नका. मिनिटाला ५८ ते ६० बार, म्हणजे १८० च्या आसपास मात्रा. दोन बारांना एक पूर्ण गिरकी, थोडक्यात दर दोन सेकंदांना एक. इथे मोठी पावलं आणि चढ-उतार विसरायचे. गुडघे मऊ, अंग एका उंचीवर, पाऊल छोटं. जो मागे जात असतो त्याने तर पाऊल आणखी लहान घ्यायचं, कारण बाहेरून फिरून येणाऱ्याला अंतर जास्त असतं. उजवीकडच्या गिरकीत तीन आणि सहा दोन्हीला पाय जुळतात. डावीकडच्या गिरकीत लीडचा डावा पाय तीनला उजव्यासमोर आडवा येतो, आणि फॉलोचा तसाच सहाला. व्हिएन्नात त्या पांढऱ्या गाऊनमधल्या मुलींना सलामीसाठी ही अवघड डावीकडची गिरकीच पक्की करावी लागते.

भोवळ येणारच. सुरुवातीला आठ बारांच्या वर जाऊ नका. मग गिरकी न घेता चार बार नुसतं पुढे-मागे झुला आणि पुन्हा निघा. नजर जवळच्या चेहऱ्यांवर अडकू देऊ नका, जोडीदाराच्या खांद्यावरून लांब, सैल ठेवा. जेवण करून लगेच तर अजिबात नको. लग्नात बँड ऐन सोर्पोतेलचं जड जेवण झाल्यावर व्हिएनीज वाजवतो, तेव्हा मी अजूनही खुर्चीतच बसते.

संथ वॉल्ट्झ लागला की मात्र उठते. गेल्या डिसेंबरात त्याच काकांबरोबर पूर्ण गाणं झालं. शेवटच्या बाराला त्यांनी हात न सोडता मला टेबलापर्यंत आणून सोडलं, खुर्ची मागे ओढून दिली आणि खाली वाकून आपल्या बुटाकडे नीट बघून घेतलं.